खकनारवाल्या काकांची परतीची फेरी

टक्.

माझ्या दुकानाच्या काचेच्या काउंटरवर त्यांच्या बोटातली तांब्याची अंगठी एकदा वाजायची आणि माझा हात असेल तिथे थांबायचा. मग बिलावर पेन टेकलेलं असो, खोक्याची चिकटपट्टी अर्धी सोललेली असो, नाहीतर इंदूरच्या व्यापाऱ्याला फोनवर "पाठवून द्या" म्हणायला तोंड उघडलेलं असो. एक टक् म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. खाजगी बसमध्ये घंटी नसते. क्लीनर दारात लटकून पत्र्यावर हात मारतो. एकदा मारला की ड्रायव्हर गाडी थांबवतो, दोनदा मारला की सोडतो. तीस वर्षं बुरहानपूर-खकनार बस चालवलेल्या माणसाला ही सवय घरी ठेवून येणं जमत नव्हतं. माझी तक्रार सवयीबद्दल नाही. तक्रार अशी की माझ्या काउंटरवर आठ महिने त्यांनी दर वेळी एकच टक् वाजवला.

बुधवाऱ्यात, म्हणजे माझं दुकान आहे त्या मोहल्ल्यात, सगळे त्यांना खकनारवाले काका म्हणायचे. तसे ते खकनारचे नव्हते, घर माझ्या दुकानामागच्या गल्लीतच होतं. पण माणूस ज्या रस्त्यावर आयुष्य घालवतो त्याचंच नाव त्याला चिकटतं. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढरा हाफ शर्ट, खिशात छोटं पंचांग. त्या पंचांगाचं पुढे येईलच. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो चप्पल घ्यायला गेला तर दुकानदाराच्या तीन पिढ्यांचा जीव घेतो. तो तुमच्या वाट्याला तासभर आला असेल. माझ्या वाट्याला हा श्रावणापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, आला.

पहिल्यांदा आले तेव्हा लॉकडाऊन उठून फार दिवस झाले नव्हते. मी एकटीच दुकान चालवते. पॉलिटेक्निक केलं, चार वर्षं दुसऱ्याच्या दुकानात स्क्रू पिळले आणि मग हे स्वतःचं टाकलं. काका आत आले, सगळी खोकी नीट बघून घेतली आणि म्हणाले, "ताई, मला बस चालवायचा कम्प्युटर पाहिजे."

"बसचं तिकीट काढायचा?"

"तिकीट नई. बस. स्टेरिंग, ब्रेक, गिअर, सगळं. इंदूरला भाच्याकडे पाहून आलो ना मी. तो पोरगा परदेशात ट्रक चालवून राहिला होता, घरात बसून."

मी गेमिंगचे कम्प्युटर जोडून द्यायची, पण घेणारे सगळे मिसरूड फुटलेले. त्यांना बंदुका हव्या असत. साठी ओलांडलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहत होते. मी हसले असणार, कारण काकांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. अगदी सरळ, हवामान सांगावं तसं.

त्यांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याच्या कडा आधीच गेल्या होत्या, आता उजव्याच्या जात होत्या. मधलं दिसायचं, बाजूचं नाही, पाइपातून बघितल्यासारखं. ड्रायव्हरला हे कळायला उशीर होतो, कारण तो समोरच बघतो. मालकानं नवी बस आणली आणि पहिली फेरी अमावस्येला लावली. काकांना ते पटलं नव्हतं, पण बोलले नाहीत. खकनारच्या अलीकडे डावीकडून एक सायकलवाला आला. काकांना तो दिसलाच नाही. क्लीनरनं पत्र्यावर हात बडवला, काकांनी ब्रेक दाबला, सायकल चाकाखाली गेली आणि माणूस उडी मारून वाचला. निंबोल्याचा कुणी शेतकरी होता, बहिणीकडे निघालेला. काकांनी त्याला नवी सायकल घेऊन दिली. पण त्याआधी खकनारच्या स्टँडवर गाडी लावली, चावी कंडक्टरच्या हातात दिली आणि दुसऱ्या बसनं प्रवासी म्हणून बुरहानपूरला परतले. पुन्हा स्टेरिंगला हात लावला नाही.

"जायची फेरी झाली," ते म्हणाले. "परतीची राहून गेली. तीस वर्षांत मी गाडी अशी रस्त्यात सोडली नई कधी. डोळे आहेत तोपर्यंत तेवढी एक फेरी करून टाकू म्हटलं. कम्प्युटरात कोणी मरत नाही ना, ताई?"

"नाही काका. कोणी मरत नाही."

"मंग झालं. दाखवा."

हे ऐकून मला वाटलं, आठवड्याभरात जोडून देते. मी कागद घेतला आणि यादी लिहायला लागले: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड.

टक्.

"आज काय वार?"

"शनिवार."

"शनिवारी लोखंड घेत नाहीत."

त्या दिवशी माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो पुढे आठ महिने उतरला नाही. शनिवार गेला तर म्हणाले, श्रावण संपू द्या. श्रावण संपला तर गणपती, गणपती उठले तर पितृपक्ष. पितृपक्षात तर त्यांनी दुकानाची पायरीसुद्धा चढायची नाही असं ठरवलं होतं. पायरीखाली उभं राहून भाव विचारायचे. मी हात जोडले. "काका, सगळे पार्ट एकदम घ्या. एकाच पिढीचे लागतात हो ते. एक आज, एक दिवाळीत, एक संक्रांतीला असं घेतलं तर एकमेकांत बसणार नाहीत."

"बसची बॉडी अशीच बनते, ताई. पहिले चेसिस. मंग इंजिन. मंग पत्रा. एकदम कोण बनवते?"

एकच वस्तू त्यांनी मुहूर्त न बघता घेतली, ती म्हणजे स्टेरिंग. पेडलसकट मागवलं, आलं त्याच दिवशी घेऊन गेले. "ड्रायव्हरच्या स्टेरिंगला मुहूर्त नाही लागत," म्हणाले. काकू पुढच्या आठवड्यात भाजी घेऊन जाताना दुकानात डोकावल्या. "काय देऊन ठेवलं ग बाई यांना? पाटाला स्क्रूनं आवळून बसतात अन् नुसतं फिरवतात. समोर भिंत. तीस वर्षं बसवर होते, आता बस घरात आली."

दसऱ्याला काकांनी मदरबोर्ड नेला, कारण ते चेसिस. धनतेरसला मी आशेनं कॅबिनेट काढून ठेवलं होतं. त्यांनी नखानं वाजवून पाहिलं आणि मान हलवली. धनतेरसला लोखंड चालत नाही. मग माझी सगळी रॅक बघून त्यांनी विचारलं, "याच्यात तांबं कशात आहे?"

आता सांगा, कम्प्युटर घ्यायला आलेल्या माणसाला मी काय उत्तर देणार? प्रोसेसरवर बसवायच्या पंख्यात तांब्याच्या नळ्या असतात. मी तो दाखवला. त्यांनी तो काकूंकडून ओवाळून घेऊन देवघरात ठेवला. ज्या प्रोसेसरला तो थंड करणार होता तो अजून जगात कुठेच नव्हता आणि त्याचा पंखा देवाशेजारी बसला होता. मग खरमास, म्हणजे शुभकामं बंद असलेला महिना. मग संक्रांतीला रॅम. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, पण इथे विघ्नं नवरदेवाच्या खिशात छापील होती.

मी चिडायचे ते उगीच नव्हतं. दर दीड महिन्यानं ते इंदूरला डोळे दाखवायला जायचे आणि परत आल्यावर काउंटरच्या कडेला हात लावून लावून आत यायचे. आधी तसे येत नव्हते. त्या वर्षी ग्राफिक कार्डं बाजारातून गायब होत होती, आज दिसलेलं कार्ड उद्या मिळत नव्हतं. त्यांचे डोळेही तसेच चालले होते. आणि हा माणूस पंचांगात बोट घालून म्हणायचा, "इतकी घाई काय आहे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी एकदा बोलून गेले, "काका, पंचांग वाचायला तरी डोळे शिल्लक ठेवा."

त्यांनी पंचांग मिटून खिशात ठेवलं. मला दिवसभर काम सुचलं नाही.

मॉनिटरच्या वेळी तर आमचं भांडणच झालं. मी बत्तीस इंची लावून दाखवला. टक्. सत्तावीस. टक्. चोवीस. टक्. शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेला एकोणीस इंची त्यांनी पुसायला लावला, समोर उभे राहिले आणि मान हलवली. "हा ठीक आहे."

"अहो, एवढं भारी कार्ड लावायचं आणि स्क्रीन तिकीट खिडकीएवढी? कंजूषपणाला काही हद्द आहे की नाही?"

"मोठा घेऊन काय करू, ताई? एवढंच दिसते मला. बाकीचा नुसता काळा दिसेल."

इतक्या महिन्यांत मला त्यांच्या मशिनचं स्क्रूच्या मापापासून सगळं ठाऊक झालं होतं, आणि जे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते मी विसरले होते. मी एकोणीस इंची बांधून दिला. सुतळी जरा जास्तच गुंडाळली.

मग विंडोजचं प्रकरण. इथे मी माझंही खरं सांगते. आमच्याकडे कम्प्युटर घेतला की विंडोज त्याच्यासोबत येते, जशी मिठाईसोबत पिशवी. कुठून येते हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. बारा वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. काकांनी विचारलं.

"याचे कागद?"

"कसले कागद?"

"गाडीचे असतात ना. कोणाची आहे, पक्की आहे की चोरीची आहे."

मी म्हटलं, "चालते हो काका. सगळ्या बुरहानपुरात हीच चालून राहिली."

टक्. "चोरीच्या गाडीवर मी बसत नाही."

मी त्यांना समजावलं की हे वेगळं असतं. त्यांनी मला समजावलं की खकनार रस्त्यावर पोलिसानं हात दाखवला की बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून गोड बोलायचे आणि हे खिडकीतून कागद पुढे करायचे; तीस वर्षांत गोड बोलायची वेळ आली नाही. मग मी म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्स टाकते, ती फुकट असते आणि चोरीची नसते. यावर ते दोन दिवस संशयात होते. फुकट आणि पक्कं एकत्र असू शकतं हे बुधवाऱ्यात राहणाऱ्या माणसाला पटणं कठीणच. शेवटी मी माझ्या दुकानातल्या कम्प्युटरवर ती टाकून त्यांचं स्टेरिंग लावून दाखवलं. चाक फिरलं, पण पेडल ओळखलेच गेले नाहीत. काकांनी ब्रेक दाबला, एकदा, दोनदा. पडद्यावरची गाडी गेली ती भिंतीत. ते ताडकन उठून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. "बिना ब्रेकची गाडी नको," म्हणाले आणि पाणी मागितलं. मी त्याच दिवशी पक्की विंडोज मागवली. माझ्या दुकानातून गेलेली ती पहिली. त्यांनी तिच्या नंबराचा कागद लॅमिनेट करून घेतला आणि कॅबिनेटच्या काचेवर आतून लावायला सांगितला, बसच्या काचेवर परमिट लावतात तसा.

कॅबिनेट आणि ग्राफिक कार्डही मधल्या मुहूर्तांवर गेली. आता राहिला होता प्रोसेसर. इंजिन. त्याला गुरुपुष्यच हवा होता आणि गुरुपुष्य नेमका त्यांच्या इंदूरच्या तारखेला आला, तेव्हा तो तिथेच घ्यायचं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी सकाळपासून माझ्या फोनवर त्यांचं नाव तीनदा येऊन गेलं होतं. पहिला फोन राहुकाळ किती वाजता संपतो यासाठी. दुसरा, प्रोसेसर दक्षिणेकडे तोंड करून घेतला तर चालेल का यासाठी. तिसरा कशासाठी होता ते मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही, गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवला. दुपारी चौथ्यांदा वाजला. दुकानात कोणी नव्हतं. मी फोन उलटा करून ठेवला आणि चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते खोकं छातीशी धरून आले. "घेतला, ताई. सगळ्यात नवीन. दुकानदाराला सांगितलं, आजच्या तारखेला जो सगळ्यात नवीन आहे तोच दे."

मी खोकं वाचलं आणि खालीच बसले. दसऱ्याच्या बोर्डात हा बसणं शक्यच नव्हतं. पिढी बदलली होती, बूड बदललं होतं. "काका, मला विचारायचं तरी!"

"फोन केला होता ना," ते म्हणाले. "कोणत्या नंबरचा घ्यायचा ते विचारायला. तुम्ही कामात असणार."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, बोर्ड आणा, मी परत घेते आणि या प्रोसेसरचा देते. ते घरी जाऊन पिवळ्या फडक्यात बांधलेला बोर्ड घेऊन आले. मी फडकं सोडलं. प्रोसेसर बसतो त्या चौकोनात केसापेक्षा बारीक तारा असतात, हजारावर. त्यांवर कारखान्यातून टोपण येतं. ते काढलेलं होतं. आत हळदकुंकू होतं, चांगलं चिमटीभर, आणि मधोमध तांदळाचा एक दाणा, नीट दाबून बसवलेला.

"हे काय?"

"दसऱ्याला पूजा केली ना. गाडीची नाही करत का आपण? इंजिन इथंच बसणार म्हणालात, मंग इथंच लावलं. बाहेर लावून काय उपयोग?"

मी सुई आणि भिंग घेऊन अर्धा तास बसले. दाणा निघाला, तारा सरळ झाल्या नाहीत. मी दुकानात इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरचा कापडवाला बाहेर आला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमचं पंचांग, तुमचा शनिवार, तुमचं तांबं, आठ महिने, आणि शेवटी, "तुम्हाला ती फेरी करायचीच नाही. करायची असती तर केव्हाच केली असती!"

काका ऐकत उभे राहिले. मग खुर्चीवर बसले. "अमावस्येची गाडी मी काढली ताई, मालकाला नाही म्हटलं नाही. माणूस वाचला. पुन्हा तसं व्हायला नको म्हणून बघत होतो सगळं." मग म्हणाले, "काल डॉक्टरनं उजवा डोळा पाहिला. पावसाळ्यापर्यंत म्हणे. त्यानं पंचांग नाही पाहिलं."

मी उठले. माझ्या स्वतःच्या कामाच्या मशिनमध्ये नव्या पिढीचा बोर्ड होता. मी त्याच्या तारा सोडायला लागले.

"ताई, आज अष्टमी..." एवढं बोलून ते थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, स्क्रू काढत राहिले. मागून आवाज आला.

टक् टक्.

आठ महिन्यांत पहिल्यांदा.

जोडताना ते शेजारी बसून होते. स्क्रू किती आवळायचा, तार कुठून न्यायची, सगळ्यात त्यांचं मत. मी बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर चित्र आलं आणि मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात ते म्हणाले, "मागच्या पंख्याचं बेअरिंग गेलं आहे." मी म्हटलं, नवाकोरा पंखा आहे, काही झालेलं नाही. त्यांनी कान लावला. "वाजून राहिलं आहे." मी रागारागानं पंखा काढून हातावर फिरवला. बेअरिंग गेलेलं होतं. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

आखाजीच्या दिवशी मशिन त्यांच्या घरी लागलं. कॅबिनेटला लिंबू-मिरची, मॉनिटरला झेंडूची माळ. माळ पडद्यावर येत होती ती मी वर सरकवली. काका पाटासमोर बसले, चप्पल काढून पाय पेडलवर ठेवले, स्टेरिंगला नमस्कार केला. पडद्यावर कुठल्यातरी परक्या देशाचा रस्ता, निळी बस. सगळं तयार. काका हलेनात.

"चला की काका!"

ते तसेच बसून.

"आता काय? आता कुठला ग्रह आडवा आला?"

"क्लीनरनं दिल्याशिवाय कशी सोडू?"

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी पाटावर दोन टक् मारले आणि बस सुटली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायची. मनात म्हणायची, आजचा शेवटचा. ताशी चाळीसच्या वर ते गेले नाहीत. मागून परदेशी गाड्या हॉर्न मारत निघून जायच्या आणि काका त्यांना हात दाखवायचे, जा बाबा. जिथे काही नाही तिथे बस थांबवायचे. "फाट्याचा स्टॉप." मी एक टक् मारायची, थांबायचं, कोणी चढायचं नाही, दोन टक्, सुटायचं. डावीकडचं त्यांना दिसायचं नाही, ते मी सांगायची. मला दुसरी कामं नव्हती का? होती. पण आधी काटा शून्यावर आणून खकनारइतके किलोमीटर मोजून जायची फेरी करायची, मगच परतीची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, जायची झाली आहे हो तुमची. ते म्हणाले, "ती त्या दिवशीची झाली. ही गाडी तर अजून इथंच उभी आहे ना." तीन रविवार त्यात गेले. परतीच्या रविवारी काकूंची बहीण आली. पुढच्या रविवारी वीज नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा मशिन सुरू होतं, निळी बस पडद्यावर उभी होती आणि काका पडद्याच्या जरा बाजूला बघत होते.

"काका, पडदा इकडे आहे."

"हौ. माहीत आहे."

पावसाळा अजून लागलेला नव्हता. डॉक्टरचा अंदाज चुकला होता.

आठ महिने बोलून झालं होतं. त्या चौथ्या फोनचं तेवढं बोलायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी कामात नव्हते. मुद्दाम उचलला नाही फोन."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "चौथ्यांदा केला तर मीपण नसता उचलला." मग त्यांनी हात पुढे करून स्टेरिंग शोधलं, पकडलं. "परतीची राहिली आहे, ताई. तुम्हाला दिसते ना?"

"दिसतं."

"मंग झालं. द्या."

मी दोन टक् मारले.

इतकी वाईट बस आजवर कुणी चालवली नसेल. मी सांगायची, जरा उजवं. ते एवढं उजवं घ्यायचे की आम्ही शेतात. "जरा म्हटलं मी, जरा!" परत रस्त्यावर. "डावं, डावं, काका डावं म्हणजे तुमचा जेवायचा नाही तो हात!" माझा घसा बसला. काकू दारात उभ्या राहून पदरात हसत होत्या, मग हसत नव्हत्या. मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम. "हळू! समोर वळण आहे. आता सरळ. सरळ ठेवा. शाबास." हळूहळू त्यांना माझा आवाज कळायला लागला. मी 'जरा' कसं म्हणते त्यावरून ते किती वळायचं ते ठरवायला लागले. कपाळावर घाम, पण हात अगदी मोकळे. मध्येच म्हणाले, "तीस वर्षांत इतका चिडका क्लीनर भेटला नाही."

"पुढे बघा," मी म्हटलं, आणि जीभ चावली. ते खदखदून हसले.

काट्यावर खकनारइतके किलोमीटर भरले तेव्हा पडद्यावर एक गाव आलं. मोठा चौक, त्यात बसथांबा. मी म्हटलं, "स्टँड आला, उस्ताद." क्लीनर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात, मी ते तोपर्यंत कधी म्हटलं नव्हतं. "येऊ द्या... येऊ द्या... अजून... येऊ द्या..."

आणि मी एक टक् मारला.

बस थांबली. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, दोन्ही हात स्टेरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. "कोणाला लागलं नाही ना?"

"कोणालाच नाही."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. डोळ्यांचं काही नव्हतं, हृदयाचं होतं. मुहूर्त वगैरे काही न बघता, एका शनिवारी. काकूंनी मशिन माझ्याकडे पाठवून दिलं. पोरं विचारतात, कार्ड चांगलं आहे, विकता का. मी नाही म्हणते. काचेच्या आत लॅमिनेट केलेला कागद अजून आहे. गाडी कोणाची आहे, पक्की आहे.

दुकान चालूच आहे. माणसं येतात, भाव विचारतात, विचार करताना काउंटरवर बोट वाजवतात. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. एकदा वाजलं की माझा हात असतो तिथे थांबतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, काय झालं? बिल बनवा ना." मी काही नाही म्हणते आणि पेन उचलते. पण तेवढा एक क्षण मी थांबलेली असते, दुसरा टक् ऐकायला.